फिरत्या पाळीत शरीराचे घड्याळ कसे सांभाळावे

कॉर्टिसोल या संप्रेरकाची अलीकडे फारच बदनामी झाली आहे. ‘स्ट्रेस हार्मोन’ म्हणून त्याचा उल्लेख होतो आणि ते कमी करणाऱ्या गोळ्या, काढे व पावडरींच्या जाहिराती मोबाइलवर सतत दिसतात. पाळीत काम करणाऱ्या माणसाची मुख्य अडचण मात्र वेगळी असते. त्याच्या शरीरात कॉर्टिसोल किती आहे यापेक्षा ते कोणत्या वेळी आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो, आणि वेळेचा हा गोंधळ गोळीने सुटत नाही. उजेड, झोप आणि जेवण यांच्या वेळा हाताळूनच तो आटोक्यात ठेवता येतो. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे सकाळी 6, दुपारी 2 आणि रात्री 10 अशा तीन पाळ्यांत फिरणारे चाकण, सातपूर, बुटीबोरी यांसारख्या औद्योगिक वसाहतींतील कामगार आणि रुग्णालयांतील परिचारिका यांच्यासाठी.

घड्याळ काय करते, हे आधी समजून घ्या

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्या जागेच्या किंचित वर, सुमारे 20,000 चेतापेशींचा एक पुंजका असतो. शरीराचे मुख्य घड्याळ ते हेच. पेशीच्या आत हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा फळमाशीवरील संशोधनातून झाला आणि त्यासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना 2017 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या घड्याळाचा फेरा 24 तासांपेक्षा सरासरी दहा-बारा मिनिटांनी मोठा असतो. म्हणजे बाहेरून कोणतीही खूण मिळाली नाही, तर ते रोज थोडे मागे पडत जाते. डोळ्यांत शिरणारा सकाळचा उजेड ते रोज जागेवर आणतो. यासाठी डोळ्याच्या पडद्यात वेगळ्या पेशी असून त्या निळसर उजेडाला विशेष संवेदनशील असतात.

दिवसा काम करून रात्री झोपणाऱ्या माणसाच्या शरीरात कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, पहाटे वाढू लागते आणि उठण्याच्या वेळी उच्चांकाजवळ पोहोचते. जाग आल्यानंतरच्या 30 ते 45 मिनिटांत ते आणखी उसळते. याच्या उलट मेलाटोनिन हे अंधाराचे संप्रेरक नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी वाढू लागते आणि सकाळी ओसरते. शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली जाते. रात्रपाळीतला सर्वांत कठीण तास नेमका तेव्हाच का येतो, याचे उत्तर यातच आहे.

आता रात्री 10 ते 6 काम करून सात वाजता घरी पोहोचणाऱ्याचा विचार करा. काम करताना कॉर्टिसोल तळाला आणि अंथरुणावर पडताना शिखरावर, अशी त्याची स्थिती असते. रात्रभर जागूनही दिवसाची झोप तुटक आणि अपुरी होते, ती मुख्यतः यामुळे. त्यात इच्छाशक्तीचा काही दोष नसतो. कॉर्टिसोलचे काम केवळ ताणाला तोंड देण्याचे नाही. रक्तातील साखर व रक्तदाब टिकवणे, दाह आवरणे आणि यकृत, चरबी, स्नायू यांच्या स्वतःच्या घड्याळांना मुख्य घड्याळाची वेळ कळवणे हीही त्याची कामे आहेत. रात्री दोन वाजता पोटात जेवण गेले की यकृताला जेवणाकडून एक वेळ कळते आणि कॉर्टिसोलकडून दुसरी.

त्यात अपुऱ्या झोपेची भर पडते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार तास झोपू दिले. तेव्हा संध्याकाळी खाली यायला हवे असलेले त्यांचे कॉर्टिसोल चढेच राहिले आणि साखर हाताळण्याची शरीराची क्षमताही घटली. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे केसांत साठलेल्या कॉर्टिसोलवरून मागील काही महिन्यांचा अंदाज येतो. नेदरलँड्समधील 2011 च्या अशा एका अभ्यासात पाळीत काम करणाऱ्या, विशेषतः चाळिशीच्या आतील कामगारांच्या केसांत हे प्रमाण दिवसपाळीवाल्यांपेक्षा जास्त आढळले. तरुण वयात रात्रपाळी सहज झेपते असे आपण धरून चालतो, त्या समजुतीने या निष्कर्षाकडे जरा थांबून पाहावे.

घड्याळ हलवायचे की नाही, हे प्रथम ठरवा

सर्वांना एकच सल्ला देणारे लेख इथेच चुकतात. घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकते, तेही सर्व काही जुळून आले तर. त्यामुळे महिन्यातून दोन-तीनच रात्री ड्यूटी लागत असेल, तर घड्याळ हलवण्याचा प्रयत्न करू नये. त्या रात्री कशाबशा निभावाव्यात, पूरक झोप घ्यावी आणि लगेच नेहमीच्या वेळेवर परतावे. कायमची रात्रपाळी करणाऱ्यांपैकीही ज्यांचे मेलाटोनिन पूर्णपणे उलट्या वेळेला जुळलेले असते, असे लोक शंभरात तीनही भरत नाहीत, कारण सुट्टीच्या दिवशी ते घरच्यांच्या वेळेने जगतात आणि रोज सकाळी ऊन डोळ्यांवर घेत घरी येतात.

सलग पाच-सहा रात्री काम करणाऱ्यांसाठी मधला मार्ग उपयोगी पडतो. घड्याळ पूर्ण उलटवण्याच्या नादी न लागता तापमानाचा नीचांक पहाटे चार-पाचवरून सकाळी आठ-नऊकडे ढकलावा. मग सर्वांत जड तास कामाच्या वेळेतून निघून झोपेच्या वेळेत येतो. घड्याळाचा फेरा मुळातच 24 तासांपेक्षा मोठा असल्यामुळे त्याला उशिराकडे नेणे सोपे आणि आधीकडे ओढणे कठीण असते. म्हणूनच पहिली, मग दुसरी, मग तिसरी हा पाळ्यांचा क्रम शरीराला मानवतो आणि उलटा क्रम जाचतो.

तुमचा क्रम असा सरळ असेल, तर तयारी दुसऱ्या पाळीतच सुरू करावी. त्या आठवड्याच्या शेवटच्या तीन दिवसांत झोपण्याची वेळ रात्री 1, 2 आणि 3 अशी पुढे न्यावी, आणि उठण्याची वेळही तितकीच पुढे न्यावी. घरात शाळेला जाणारी मुले असतील तर हे पूर्णपणे जमणार नाही. एक तास सरकला तरी तो वाया जात नाही.

पहिल्या पाळीबद्दलही एक शब्द लिहायला हवा, कारण तिला कोणी अवघड मानत नाही. कंपनीची बस पावणेपाचला नाक्यावर येत असेल, तर उठावे लागते चार वाजता, म्हणजे तापमानाच्या नीचांकाला. रात्री नऊला झोप येत नाही, कारण मेलाटोनिन तेव्हा कुठे वाढू लागलेले असते. या आठवड्यात सकाळी शक्य तितक्या लवकर उन्हात यावे, संध्याकाळी सातनंतर घरातील उजेड मंद ठेवावा आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नये.

उजेड: सर्वांत मोठे हत्यार

घड्याळ हलवणाऱ्या गोष्टींमध्ये उजेडाइतके प्रभावी दुसरे काही नाही. स्वच्छ उन्हात एक लाख लक्सपर्यंत प्रकाश असतो, ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स मिळतो, तर घरातील दिव्यांखाली तो बहुधा काही शेकड्यांतच राहतो. नियम एवढाच आहे की तापमानाच्या नीचांकाआधी मिळालेला उजेड घड्याळाला उशिराकडे नेतो आणि नीचांकानंतर मिळालेला उजेड त्याला आधीकडे ओढतो. तोच उजेड, पण दोन तासांच्या फरकाने परिणाम उलटा.

म्हणून रात्रपाळीच्या पूर्वार्धात, साधारण तीन वाजेपर्यंत, भरपूर उजेडात राहावे. चहाची सुट्टी अंधाऱ्या कोपऱ्यात घालवण्यापेक्षा दिव्याखाली घालवावी. पहाटेनंतर उजेड कमी घ्यावा, पण इथे एक अट आहे. प्रेस, लेथ किंवा क्रेनवर काम करणाऱ्याने, अथवा औषधाचा डोस मोजणाऱ्या परिचारिकेने यासाठी जागेवरचा उजेड मुळीच कमी करू नये; तिथे घड्याळापेक्षा बोटे आणि रुग्ण महत्त्वाचे.

परतीच्या प्रवासातील सकाळचे ऊन रात्रभराच्या मेहनतीवर पाणी फिरवते. बसने येणाऱ्यांनी गडद गॉगल आणि टोपी घालावी. स्वतः वाहन चालवणाऱ्यांनी मात्र गडद गॉगल टाळावा, कारण आधीच पेंग येत असताना डोळ्यांपुढे अंधार आणणे धोक्याचे असते. त्यांच्यासाठी अधिक उपयोगाची गोष्ट अशी की गाडीला किल्ली लावण्यापूर्वी कंपनीच्याच आवारात वीस मिनिटे डुलकी काढावी आणि नीट जाग आल्यावर निघावे. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी 1997 मध्ये दाखवून दिले की सलग 17 तास जागे राहिल्यावर माणसाचे हातपाय आणि लक्ष जितके मंदावते, तितके ते रक्तात 0.05 टक्के मद्य असताना मंदावते. आपल्या मोटार वाहन कायद्याने मद्याची मर्यादा 0.03 टक्के ठेवली आहे. सकाळी उठून दिवसभर जागे राहिलेला आणि मग पहिली रात्रपाळी संपवून दुचाकीवर निघालेला माणूस 24 तास जागा असतो. त्याला कोणताही पोलीस तोंडात नळी धरून पकडू शकत नाही, एवढाच काय तो फरक.

दिवसाची झोप घडवावी लागते

घरी पोहोचल्यावर वर्तमानपत्र, मोबाइल, बँकेचे काम, भाजी आणणे यांत दोन तास गेले की झोप येण्याची संधी हातची निघून जाते, कारण सकाळ चढते तसे शरीराचे तापमानही चढते. घरी आल्यापासून तासाभरात अंथरुणावर असावे. खोलीत इतका अंधार हवा की हात लांब केला तर बोटे दिसू नयेत. जाड पडदे नसतील तर खिडकीला आतून काळा कागद किंवा घोंगडी लावली तरी भागते. पत्र्याच्या छताखाली एप्रिल-मेमध्ये दुपारी झोपणे जवळजवळ अशक्य असते, तेव्हा घरातील सर्वांत खालची, उत्तरेकडची किंवा आतली खोली झोपेसाठी राखावी, जमल्यास कूलर त्या खोलीत हलवावा आणि झोपण्यापूर्वी कोमट पाण्याने अंघोळ करावी. कानात घालायचे मऊ बोळे औषधाच्या दुकानात मिळतात. पंख्याचा एकसुरी आवाजही बाहेरचे आवाज बऱ्यापैकी झाकतो. कुकरची शिट्टी, कुरिअरवाल्याची बेल आणि ‘झोपलास का?’ असे विचारणारा फोन यांचा बंदोबस्त मात्र घरातल्यांशी आधी बोलूनच करावा लागतो. फोन बंद ठेवावा आणि तातडीच्या प्रसंगी कोणत्या एका नंबरवरून कोणी उठवायचे हे ठरवून टाकावे.

हे सर्व पुरुष कामगाराला त्यातल्या त्यात जमते. रात्रपाळीहून आठ वाजता घरी आलेली परिचारिका मात्र डबे, कपडे आणि स्वयंपाक उरकून अकराला आडवी होते आणि मुले शाळेतून आली की दीडला उठते, हे अनेक घरांत चालत आलेले आहे. तिला सलग सात तास झोपण्याचा उपदेश करण्यात अर्थ नाही. तिने झोपेचे दोन भाग करावेत: सकाळी घरी आल्याबरोबर किमान चार तास, जे कोणत्याही कारणाने मोडायचे नाहीत, आणि ड्यूटीला निघण्यापूर्वी संध्याकाळी दीड-दोन तास. रोज ठरलेल्या वेळी घेतलेली चार तासांची झोप घड्याळाला टेकू देते, बाकीची झोप इकडेतिकडे झाली तरी चालते. स्वयंपाक त्या आठवड्यापुरता घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करावा. हा आरोग्याचाच सल्ला आहे, आणि तो तिच्यापेक्षा तिच्या घरच्यांनी वाचायला हवा.

पहिल्या रात्रपाळीच्या संध्याकाळी सर्वांनीच दीड तासाची झोप घेऊन निघावे. कामाच्या ठिकाणी परवानगी असेल तर मधल्या सुट्टीत वीस मिनिटांची डुलकी घ्यावी. त्यापेक्षा जास्त झोपल्यास उठल्यावर बधिरपणा येतो, म्हणून काम हाती घेण्यापूर्वी पंधरा मिनिटे तोंड धुऊन, चालून मोकळी सोडावीत.

मद्याने झोप लवकर लागते, पण ती उत्तरार्धात फाटते. दिवसाच्या आधीच विरलेल्या झोपेला ते परवडणारे नाही. मेलाटोनिनच्या गोळ्या काहींना उपयोगी पडतात, परंतु चुकीच्या वेळी घेतल्यास त्या घड्याळाला उलट दिशेला नेतात, त्यामुळे डॉक्टरांकडून वेळ ठरवून घेतल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये.

चहा, तंबाखू आणि मध्यरात्रीचे जेवण

कॅफिन रक्तातून निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. सकाळी आठला झोपायचे असेल तर शेवटचा चहा रात्री दोनपर्यंत व्हावा. पहाटे चारचा कॅन्टीनचा कडक चहा सर्वांत हवाहवासा वाटतो आणि झोपेचे नुकसानही तोच करतो. पाळीच्या सुरुवातीला थोडा थोडा, दोन-तीन वेळा घेतलेला चहा एकदम घेतलेल्या मोठ्या कपापेक्षा अधिक काळ जागे ठेवतो. तंबाखू आणि गुटखा जागे राहण्यासाठी चघळणारे पुष्कळ आहेत. निकोटीन नाडी, रक्तदाब आणि कॉर्टिसोल तिन्ही वाढवते, आणि हे तर पाळीचे आधीच होत असलेले नुकसान दुप्पट करण्यासारखे आहे.

जेवणाबाबत एक प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही निरोगी लोकांना कृत्रिम रात्रपाळीत ठेवले. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर 6.4 टक्क्यांनी वाढली. त्याच पाळीत, पण फक्त दिवसा जेवणाऱ्यांची लक्षणीय वाढली नाही. रात्री मेलाटोनिन चढलेले असताना इन्सुलिनचे काम मंदावते, हे त्यामागचे एक कारण. त्यामुळे मुख्य जेवण ड्यूटीपूर्वी, आठ-साडेआठला, भाकरी-भाजी-वरण असे पुरेसे घ्यावे. मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळात वडापाव, मिसळ, बिर्याणी यांपासून दूर राहावे. भूक लागलीच तर मूठभर फुटाणे, उकडलेले अंडे किंवा एखादे फळ पुरते. सकाळी झोपण्यापूर्वी उपमा किंवा अर्धी भाकरी असे हलके खावे, म्हणजे भुकेने जाग येत नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र या वेळा स्वतःहून बदलू नयेत, कारण साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो.

पाळी संपल्यावर आणि पाळी ठरताना

शेवटच्या रात्रीनंतर दिवसभर झोपून राहू नये. सकाळी तीन-चार तास झोपून दुपारी उठावे, बाहेर उजेडात चालावे आणि रात्री दहा-साडेदहाला अंथरुणावर जावे.

पाळ्यांचे वेळापत्रक एकट्याच्या हातात नसते, तरी युनियनने किंवा वॉर्डातील सहकाऱ्यांनी मिळून मागणी करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत: सरळ क्रम आणि दोन पाळ्यांमध्ये किमान 11 तासांची मोकळीक. युरोपीय संघाच्या 2003 च्या निर्देशात रोजच्या विश्रांतीचे हेच किमान तास ठरवले आहेत. रिलिव्हर आला नाही म्हणून ‘डबल’ करणाऱ्याला ओव्हरटाइम मिळतो, पण त्याची 11 तासांची मोकळीक त्यात संपते.

डॉक्टरांना पाळी सांगा

सुमारे 20 लाख लोकांचा समावेश असलेल्या 34 अभ्यासांच्या 2012 मधील एकत्रित विश्लेषणात पाळीत काम करणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका 23 टक्क्यांनी जास्त आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले. या दुसऱ्या गोष्टीने घाबरून जाऊ नये. पुरावा किती भक्कम आहे हे तो गट सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही, आणि तांबडे मांसही त्याच गटात आहे. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, चरबी आणि कंबरेचा घेर तपासून घेणे मात्र टाळू नये. अपस्मार, द्विध्रुवी विकार किंवा इन्सुलिनवर असलेला मधुमेह असणाऱ्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी रात्रपाळीपूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि गरज असल्यास सूट मिळण्यासाठी प्रमाणपत्र मागावे. तीन महिन्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, सुट्टीतही मन उदास राहत असेल किंवा वाहन चालवताना डोळा लागला असेल, तर वाट पाहू नये.

तपासणीच्या वेळी आपण कोणत्या पाळीत आहोत आणि शेवटची झोप कधी झाली, हे डॉक्टरांना व प्रयोगशाळेला न विचारता सांगावे. रात्र जागून काढल्यानंतर सकाळी दिलेल्या उपाशीपोटीच्या साखरेचा आकडा नेहमीपेक्षा वेगळा येऊ शकतो. शक्य असल्यास ही तपासणी दिवसपाळीच्या आठवड्यात, दोन-तीन रात्री नीट झोपल्यावर करावी. कॉर्टिसोलची तपासणी कोणी लिहून दिली असेल तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते. सकाळी आठचे रक्त आणि रात्री अकरा-बाराची लाळ या दोन्ही तपासण्यांचे सामान्य आकडे रात्री झोपणाऱ्या माणसांवरून ठरवलेले आहेत, आणि रात्रीच्या लाळेची तपासणी तर फिरत्या पाळीत काम करणाऱ्यांमध्ये विश्वासार्ह मानलीच जात नाही. अशा वेळी अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ दुसरी तपासणी सुचवू शकतात, परंतु त्यासाठी चिठ्ठीवर ‘रात्रपाळी’ हा शब्द लिहिलेला असावा लागतो.